एकशे दहावर बांधलेला पाना

गल्लीत नवऱ्याला लोक मीटरकाका म्हणायला लागले, तेव्हा बायको आपोआप मीटरकाकू झाली. खरं तर मोजमाप ही काकूंची पोटापाण्याची विद्या. सव्वीस वर्षं त्यांनी शिवणकारखान्यात कापड बेतलं. एकावर एक साठ थर कापताना सुताचाही फरक पडू दिला नाही. पण त्यावरून त्यांना कुणी नाव दिलं नाही. काकांनी मात्र पाच वर्षांपूर्वी नट मोजून आवळायचा एक टॉर्क पाना घेतला आणि ते गाजले.

निमित्तही तसंच घडलं होतं. पंक्चर काढणाऱ्याने चाकाचे नट हातानेच फिरवून दिले आणि उतारावर चाक डुगडुगायला लागलं. गाडी थांबली, कुणाला ओरखडाही आला नाही. पण शेजारच्या सीटवर काकू होत्या, हे काकांच्या मनातून काही जाईना. त्यानंतर गाडीला परक्याचा हात लागला नाही. पाना निवडायलाच दोन महिने गेले. काट्याचा नको, वाकून बघताना नजर फसते. स्वस्तातला नको. शेवटी चाळीस ते दोनशे दहाच्या पट्टीचा, ठरवलेला जोर लागला की ‘कट्’ असा आवाज करणारा पाना घरात आला. "आपल्याला लागतो तो आकडा पट्टीच्या मधे पडला पाहिजे. टोकाला पाना खोटं बोलतो," हे काका उलट दुकानदारालाच शिकवून आले. त्यांच्या गाडीचा आकडा होता एकशे दहा न्यूटन-मीटर.

मग नियम झाला. गाडी बाहेर काढायची तर आधी सोळाच्या सोळा नट तपासायचे. काकूंनी पन्नाशी उलटल्यावर लायसन्स काढलं होतं, ते पर्समध्ये कोरं करकरीत पडून होतं. बसने जाते म्हटलं तर काका विचारत, "त्या बसचे नट कुणी आवळलेत, माहीत आहे का तुला?" शेजाऱ्यांच्या गाडीतून जाते म्हटलं, तर शेजाऱ्यांना म्हणे स्टेपनी कुठे असते तेच ठाऊक नव्हतं. सगळं काळजीपोटी. भांडायचं तरी कशाशी? उशीवर बुक्क्या मारून हातच दुखतो.

यंदा काकूंच्या धाकट्या बहिणीचा पाय मोडला. ती सत्तर किलोमीटरवर एकटी राहते. तीन शनिवार काकूंचं जायचं ठरलं आणि तिन्ही शनिवार राहिलं, कारण काकांना पान्याचाच संशय यायला लागला होता. "कट् लवकर होतंय. प्रयोगशाळेत पाठवतो. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे." पण पाना घरातून हलला नव्हता.

चौथ्या शुक्रवारी बहिणीचा फोन आला. "ताई, सोमवारी प्लास्टर निघतंय. तुला जमत नसेल तर तसं सांग गं. मी समोरच्या बाईंना घेऊन जाईन."

आवाजात राग नव्हता, तेच काकूंना लागलं. बहिणीने त्यांना हिशेबात धरणं सोडून दिलं होतं.

शनिवारी चहाचे कप तसेच टाकून काकू गाडीच्या शेडमध्ये गेल्या. "पाना द्या. आज घरीच तपासू."

"अगं, ते काय उसवलेलं अस्तर आहे?"

"वजन आणि अंतर, एवढंच ना? तुम्हीच सांगता ना येणाऱ्या-जाणाऱ्याला?"

काकांना आपलंच बोलणं नाकारता येईना. त्यांनी पान्याचं चौकोनी टोक टेबलावरच्या व्हाइसच्या शिकंज्यात आवळलं, दांडा आडवा ठेवला. काकूंनी मोठी झाकणाची बादली स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत दोरीसकट बरोबर साडेबावीस किलो केली. मग कापडाची टेप काढून व्हाइसच्या मध्यापासून दांड्यावर खडूच्या खुणा केल्या. एवढं वजन पन्नास सेंटिमीटरवर टांगलं की एकशे दहाचा जोर. तिथेच कट् व्हायला हवं होतं.

काकूंनी बादलीची दोरी आतून बाहेर एकेक खूण सरकवली. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळिसावर पाना बोलला. कट्.

"धक्का लागला," काका म्हणाले.

परत केलं. चव्वेचाळीस. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः केलं, श्वास रोखून. चव्वेचाळीस.

म्हणजे पाना एकशे दहा सांगत होता आणि आवळत होता जेमतेम सत्त्याण्णव. काका स्टुलावर बसले. काकूंनी पान्याच्या डब्यातलं घडीचं माहितीपत्रक उलगडलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा. ताणलेली स्प्रिंग कालांतराने मऊ पडते."

पान्याच्या मुठीवर काळ्या चिकटपट्टीचे सात-आठ वेढे होते. कुणी आकडा हलवू नये म्हणून पाच वर्षांपूर्वी काकांनीच गुंडाळलेले.

"म्हणजे इतकी वर्षं मी..." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "तू बसायचीस त्यात."

काकूंना क्षणभर त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर हाही शनिवार त्यांना धीर देण्यात गेला असता. त्यांनी नखाने पट्टीचं टोक सोडवलं.

मूठ थोडीथोडी फिरवत, बादली पुन्हापुन्हा टांगत त्यांनी आकडा शोधला. एकशे चोवीसवर ठेवलं की पन्नासच्या खुणेला नेमकं कट्. "आता एकशे चोवीस म्हणजे आपलं एकशे दहा," त्या म्हणाल्या, आणि चाकाशी उकिडव्या बसल्या. सोळा नट, समोरासमोरच्या जोड्यांनी, काकूंनी आवळले. काका नुसते उभे होते. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

काकूंनी दोन साड्या, गोळ्या आणि टॉवेल पिशवीत भरून आणला, तर काका शेजारच्या सीटवर बसलेले, मांडीवर पान्याचा डबा.

"नट आवळल्यावर ऐंशी किलोमीटरला पुन्हा तपासायचे असतात. मी येतो. संध्याकाळी परत येऊ."

काकूंना संध्याकाळी परतायचं नव्हतं. पण गाडी त्यांच्या हातात होती. वाटभर काका कान देऊन बसले होते. "ऐकलंस?" "खड्डा होता." "आता?" "तुमचा डबा वाजतोय."

बहिणीच्या फाटकाशी किलोमीटरचा आकडा एकाहत्तर झाला.

"अजून नऊ राहिले," काका म्हणाले. "एक मोठा फेरा मारून येऊ."

काकूंनी गाडी बंद केली, किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली आणि पिशवी घेऊन उतरल्या. "तुम्ही या मारून."

बहीण खुर्चीत होती, पाय समोरच्या स्टुलावर. ताईला बघून तिने तोंड वाकडं केलं, मग तिला रडू आलं, मग ती म्हणाली, "आलीस एकदाची! सुटका झाली म्हणायची तुझी."

काकूंनी तिचे केस विंचरायला घेतले. वीसेक मिनिटांनी बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग कट्. जरा वेळाने कट्.

"भावजी आत का येत नाहीत?"

"सोळा व्हायचेत."

"आणि सोळा झाल्यावर तुला घेऊन जाणार?"

कंगवा मध्येच थांबला. खिडकी उघडी होती. "मी सोमवारी प्लास्टर निघाल्यावर बसने येणार आहे," काकू म्हणाल्या, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्याने.

बाहेरचं कट् थांबलं. बहिणीने काकूंचं मनगट धरलं. मग पुढच्या चाकाशी कट् झालं, आणि तिथेच, त्याच नटावर, पुन्हा एकदा.