वीट्स्केची दोनमजली बाटली

आमच्या ग्रोनिंगेन शहरात सायकलला दोन कुलपं सगळेच लावतात. वीट्स्के तीन लावायची. तिसरं कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "दोन तोडणारे असतात म्हणून." अहो, सायकल इतकी खिळखिळी, की चोराला बक्षीस दिली असती तरी त्यानं नेली नसती! पण बाईचा पिंडच तो. बाप फ्रीसलंडातला गाईवाला. दूध न्यायला डेअरीची गाडी आली की हा हात मागे बांधून माप होईस्तोवर तिच्याभोवती घिरट्या घालणार. मापात मारतात, अशी त्याची पक्की खात्री. पोरीनं शेत घेतलं नाही, गाई घेतल्या नाहीत, नजर तेवढी घेतली.

ती नजर घेऊन ती तरुणपणीच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली आणि तिथंच तिचे केस पांढरे झाले. काम म्हणजे पेशी वाढवायच्या आणि त्यांनी बनवलेली अँटिबॉडी काढून घ्यायची. त्यातली एक जात तिनं स्वतः घडवलेली. त्या जातीला सगळे 'तेवीस नंबर' म्हणायचे. तेवीस नंबरची अँटिबॉडी एक दुर्मीळ रक्तगट ओळखायची. रक्तपेढीत आधी त्या अँटिबॉडीनं रक्त तपासून बघायचे, मगच एखाद्या बाळंतिणीला पिशवी चढवायचे. वीट्स्केला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. तेवीस नंबर होता.

पूर्वी ह्या पेशी उंदरांच्या पोटात वाढवत. पोट फुगलं की सुईनं पाणी काढायचं. वीट्स्के ते काम चोख करायची आणि मग सायकलींच्या शेडमध्ये जाऊन रडायची. पुढे ते बंद झालं आणि रोलरवर गरगर फिरणारे डबे आले. त्या दिवशी तिनं सगळ्यांना केक खिलवला, तोही वाढदिवस नसताना. आमच्याकडे वाढदिवसाखेरीज कुणी केक वाटत नाही, त्यामुळे ही केवढी गोष्ट, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल.

गेल्या ईस्टरच्या सुट्टीत मात्र घात झाला. पेशी गोठवून ठेवायची टाकी बिघडली, थंडावा उडून गेला आणि साठवलेल्या कुप्या मेल्या. तेवीस नंबरची एकच वाचली. वीट्स्केनं ती वितळवून वाढवायला घेतली आणि टाकीचं नाव टाकलं. "त्या टाकीत आता माझी कापलेली नखंसुद्धा ठेवणार नाही," म्हणाली. म्हणजे इन्क्युबेटरच्या उबेत जे काय जिवंत वाढत होतं, तेवढंच. ते मेलं की तेवीस नंबर जगातून संपला.

अशात मास्ट्रिख्टहून मारिएत आली. पार दक्षिणेची बाई. बोलणं हेल काढून, भेटली की गालावर तीन-तीन पाप्या, आणि दर सोमवारी घरी भाजलेला चेरीचा केक. वाढदिवस कुणाचा? कुणाचाच नाही! वीट्स्केच्या मनात पाल चुकचुकली.

"उगाच गोड खायला घालणारी माणसं," ती साहेबाला, म्हणजे हार्मेनला म्हणाली, "काहीतरी न्यायला आलेली असतात."

"तू तिसरा तुकडा खातेयस, वीट्स्के."

"नीट बघायला नको?"

मारिएतनं येताना नवी चपटी बाटली आणली. दोनमजली. वरच्या मजल्यावर गुलाबी रस, म्हणजे पेशींचं जेवण. खालच्या मजल्यावर इतकुशा जागेत पेशी खेचाखेच भरलेल्या. मध्ये बारीक भोकांचा पडदा. वरची साखर खाली झिरपते, खालची घाण वर जाते, पण अँटिबॉडी पडली अंगानं थोराड. तिला पडद्यातून वाट नाही, ती खालीच साठत जाते. आठवड्याला खालच्या तोंडातून ती काढून घ्यायची.

"आणि तळाला हा पातळ पापुद्रा आहे," मारिएत शिकवत होती. "ह्यातून पेशी श्वास घेतात. म्हणून बाटलीला पाय आहेत, आणि ठेवायची ती जाळीच्या फळीवर..."

वीट्स्केचं लक्ष होतं मारिएतच्या बोटांकडे. दोन-दोन अंगठ्या! अंगठ्या घालून पेशींना हात लावणारी ही मला शिकवणार? बाकीचं तिनं ऐकलंच नाही.

पण बाटली झकास चालली. गुलाबी रस बघता बघता पिवळा पडायचा, म्हणजे खालची मंडळी दाबून जेवत होती. अँटिबॉडी इतकी दाट निघाली की वीट्स्के हरखली, आणि लगेच घाबरलीसुद्धा. कारण खालच्या मजल्यात जेवढं भरलेलं असायचं, त्याहून निघताना इवलंसं कमी निघायचं. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

"हार्मेन, कुठंतरी पाणी मुरतंय."

"पडद्यातून वर गेलं असेल."

"नाहीतर दारातून बाहेर. आठवड्याच्या मध्यावर वरचा रस कोण बदलतं? ती. एकटी. आणि तिच्या जुन्या लॅबमध्ये तेवीस नंबर नाही, हेही तिनंच सांगितलंय."

"पुरे हं, वीट्स्के. तुझा बाप निदान डेअरीवाल्याला रोज 'सुप्रभात' तरी म्हणत असेल, तू हिला तेही म्हणत नाहीस."

वीट्स्केच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती डोळ्यात तेल घालून पहारा करू लागली. आणि एका बुधवारी सापडलीच की! मारिएत बर्फाचा छोटा डबा काखेत मारून जिन्याकडे निघाली होती.

"कुठं?"

"खाली."

"खाली काय?"

"असंच, जरा खाली." ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्याच दिवशी वीट्स्केनं जाहीर केलं, यापुढे रससुद्धा मीच बदलणार, ह्या बाटलीला कुणी हात लावायचा नाही. मारिएत "बरं बाई" म्हणाली. ते 'बरं बाई' वीट्स्केला अजिबात आवडलं नाही. इतक्या सहज कोण ऐकतं? मग तिनं सापळा लावला. टिपकागदाची जाड घडी केली आणि बाटलीच्या पायांमध्ये, तळाला घट्ट टेकेल अशी सारली. गळती असेल तर कागदावर गुलाबी डाग पडेल. कुणी बाटली हलवली तर घडी सरकेल. स्वतःवरच इतकी खूश झाली, की त्या दिवशी सायकलचं तिसरं कुलूप लावायला विसरली.

रोज सकाळी कोट घालायच्या आधी ती जाऊन बघायची. कागद कोरडा. घडी जिथल्या तिथं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, चला, चोर नाही. वीट्स्के म्हणाली, सराईत आहे!

आणि तिकडं रस गुलाबीच राहू लागला. चार दिवस झाले तरी पिवळा पडेना, म्हणजे खाली कुणी जेवतच नव्हतं. अँटिबॉडी पातळ झाली. वीट्स्केनं लगेच मारिएतच्या नावानं हिशेब मांडला. हिला बाटलीपासून तोडलं, म्हणून हिनं सूड उगवला! रसात काहीतरी घातलं!

सोमवारी दहाच्या कॉफीला सगळे जमले होते. मारिएत केक कापायला उभी राहिली, तेवढ्यात वीट्स्केनं कप आपटला.

"माझ्या पेशी मरताहेत. आणि कोण मारतंय ते मला ठाऊक आहे."

"म्हणजे मी?" मारिएतनं विचारलं.

"मी नाव घेतलं का?"

"बघतेयस तर माझ्याचकडे!"

"मग सांग सगळ्यांसमोर, त्या बर्फाच्या डब्यातून काय नेत होतीस?"

मारिएतचा चेहरा लालबुंद झाला.

"बघा! एरवी तोंडाला खळ नाही, आता वाचा बसली!"

हार्मेन "अगं, अगं" करतोय तोवर मारिएतनं सुरी खाली ठेवली, तरातरा इन्क्युबेटरकडे गेली आणि बाटली उचलली. तळाला चिकटलेली घडी तिच्याबरोबर वर आली आणि पट्कन जमिनीवर पडली.

"हे काय आहे?"

"सापळा," वीट्स्के म्हणाली.

"अगं, ही खालून श्वास घेते! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. तू तिचं नाकतोंड दाबून ठेवलंस, वीट्स्के."

वीट्स्केनं बाटली तिच्या हातातून घेतली. खालच्या मजल्यातला थेंब काढला, त्यात निळा रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पेशी पीत नाही. समोर सगळं निळं होतं. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक तरी चमकता पांढरा ठिपका दिसतो का, ते ती शोधत राहिली. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. निळंच.

"माझ्या हातानं," ती म्हणाली. "आधी उंदीर, आता हेही." ह्या वेळी सायकलींच्या शेडपर्यंत जाणं तिला जमलं नाही. सगळ्यांच्या देखत रडली.

मारिएतनं तिच्या दंडाला धरलं. "चल खाली."

"आता खाली काय?"

"चल तर."

तळघरात रक्तपेढीची गोठवायची टाकी होती. मारिएतनं झाकण काढलं, पांढऱ्या वाफेत हात घातला आणि एक खण वर उचलला. त्यात बोटाएवढ्या कुप्या एका ओळीत उभ्या होत्या.

"ही माझी चोरी," ती म्हणाली. "जेव्हा जेव्हा रस बदलला, तेव्हा तेव्हा एक थेंब. त्या गर्दीतल्या एका थेंबात अख्खी कुपी होते. तू त्या टाकीवर रुसून बसलेली, आणि सगळा जीव एका बाटलीत. मला झोप यायची नाही गं. वर कॉफीला म्हणूनच बोलले नाही. चोरी तर केलीच होती."

"मला विचारायचंस की."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

वीट्स्केनं डोळे पुसले. खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. "नाही," म्हणाली.

खणावरचं दव मारिएतनं हातमोज्यानं पुसलं. चिठ्ठी होती मारिएतच्याच अक्षरात: वीट्स्के, तेवीस. वीट्स्केनं ती दोनदा वाचली. मग मारिएतनं खण वाफेत सोडला आणि झाकण बसवलं.

"नीट लावलंस ना?" वीट्स्केच्या तोंडून गेलंच.

"तूच बघ हवं तर."

वीट्स्केनं हात पुढे केला. झाकणापर्यंत नेला, आणि मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "लावलं असशील."