लंकाबाईच्या पाणीपुरीचं विरजण

सातपूर कॉलनीतल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी लंकाबाईची पाणीपुरीची गाडी तीस वर्षं उभी आहे. पाणी तिखट, बाईचं तोंड त्याहून तिखट. मी मास्तर असताना वर्गात पोरांना बाहेरचं खाऊ नका म्हणून दम भरायचो आणि शाळा सुटली की तिच्याकडे सहा पुऱ्या हाणायचो. एकदा शेजारी हेडमास्तरच द्रोण धरून उभे. आम्ही एकमेकांना पाहिलंच नाही, असं न बोलता ठरलं.

ती चव दुसरीकडे कुठे मिळाली नाही. तिचं गुपित मला ठाऊक होतं. दुसऱ्याची गुपितं मला शोधत येतात, त्याला मी काय करू? लंकाबाई मडकं कधीच पुरतं रिकामं करायची नाही. दह्याला विरजण लावावं तसं कालचं तांब्याभर पाणी तळाशी ठेवून त्यावर आजचं चिंच-पुदिन्याचं पाणी ओतायची. सासूची शिकवण. मडकं घासलं की चव रुसते म्हणे.

गेल्या वर्षी तिची सून आशा कंपनीत जायला लागली आणि चार वर्षांची नात हर्षाली दिवसभर गाडीपाशी राहू लागली. आजी लाडानं तिला उठसूट वाटीभर पाणी पाजायची. पोर भाकरीला तोंड लावेना. दर पंधरा दिवसांनी पोट बिघडे, पायांच्या काड्या झाल्या. शेजारच्या सरुबाईनं नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. नजर उतरली की वजन किती वाढतं, एवढंच मी विचारलं, तर महिनाभर अबोला.

अंगणवाडीच्या रोहिणीताईंचा काटा मात्र तीन महिने अकरा किलोवरून हलला नाही. पुढच्या महिन्यातही हलला नाही तर पोरीला दवाखान्यात ठेवावं लागेल, असं सांगायला त्या गाडीवर आल्या. मडक्यात डोकावून म्हणाल्या, "मावशी, तळाचं पाणी कधीचं?"

लंकाबाई उसळली. "तीस वरसं पोरं पितात, कुनाला काय झालं नाय. मास्तर, सांगा की हिला."

माझ्या तोंडात पुरी होती. जन्मभर नको तिथं बोललो, आता हवं तिथं बोलायचं होतं. घास गिळला.

"लंकाबाई, पावसाळ्यात माझा निम्मा वर्ग पोटदुखीनं घरी असायचा. मला कारण कळायचं. चवीपायी गप्प बसलो."

तिनं गाडीपाशी बसलेल्या हर्षालीकडे पाहिलं. मग मडकं उचलून गटारात उपडं केलं.

आता तोटीचं स्टीलचं पिंप आहे, पाणी रोज उकळून गार केलेलं. माझे जुने विद्यार्थी बायकापोरांना घेऊन मुद्दाम येतात, एक पुरी खातात आणि म्हणतात, सर, ती मजा नाही राहिली. नाहीच राहिली. माझी जीभही अजून हळहळते. लंकाबाई ऐकून घेते. हर्षालीला ती वाटी बंद, दुपारी वरणात कुस्करलेली भाकरी भरवते.

मडकं उपडं केल्यानंतरच्या पहिल्याच वजनाच्या दिवशी तिनं भर दुपारी गाडी झाकली आणि पोरीला कडेवर घेऊन अंगणवाडीत गेली. मीही गेलो, रिकामटेकडा माणूस. काटा अकरा किलो सहाशेवर थांबला. रोहिणीताई हसून लिहायला लागल्या, तर लंकाबाईनं त्यांचा हात धरला.

"थांबा, ताई." खाली बसून तिनं पोरीच्या पायातले चांदीचे वाळे काढले, मुठीत घट्ट धरले. "आता घ्या. खरं किती ते मला बघू द्या."