टाळू भरली म्हणून

माझा पहिला मुलगा सातव्या महिन्यात झाला, डोंबिवलीत, घरीच. सुईण म्हणाली, "मूठभर जीव आहे, फार आशा धरू नका." असा राग आला मला तिचा! सासूबाईंनी त्याला कापसात गुंडाळलं, खाटेशेजारी निखाऱ्यांची शेगडी ठेवली. मी बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजत राहिले. आणि कार्टं तगलं की हो!

रोज न्हाऊ घातलं की सासूबाई त्याच्या टाळूवर कोमट खोबरेल जिरवायच्या. डोक्यावरचा तो मऊ भाग तेलाने भरला की मूल जगलं, अशी त्यांची समजूत. माझीही तीच. दुसरा महिना सरता सरता टाळू खरंच भरली. बोट लावलं तर घट्ट लागायची, वर आलेली. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवली. डोकंही मोठं व्हायला लागलं, पंधरा दिवसांत टोपडं होईना. "कपाळ बघा केवढं! बॅरिस्टर होणार," म्हणत सगळ्या. मी फुशारून गेले. हातपाय काटक्यांसारखे आणि डोकंच का वाढतंय, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

दारावर भाजी घेऊन एक आगरीण यायची. तिने एकदा त्याला नीट निरखलं. म्हणाली, "बाय, पोराचा डोका बरा नाय दिसत. डाकतरला दाव."

मी मुळात फटकळ. "माझ्या लेकराला दृष्ट लावतेस? चालती हो!" तिने टोपली उचलली नि गेली. वर मी मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली.

महिन्याभराने तो दूध ओकायला लागला. बुबुळं खाली उतरली, वरचं पांढरं तेवढं दिसे. मग सासूबाईंना घरी ठेवून आम्ही दोघं धावलो ठाण्याला. हे बाहेर बाकावरच बसले, आत यायचा धीर होईना. डॉक्टरांनी फितीने डोकं मोजलं, टाळू चाचपली.

"अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या डोक्यातल्या शिरा फार नाजूक असतात," ते म्हणाले. "जन्माच्या सुमारास आत रक्तस्राव झाला असणार. त्याने वाट अडली आणि पाणी साचत गेलं. सुईने काढता येईल, पण पुन्हा भरेल."

"तेलाने झालं का हो?"

"छे! तेलाचा काही संबंध नाही."

"आणि महिनाभर आधी आणला असता तर?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आधी पाणी काढलं असतं. कदाचित..."

त्यानंतर एकोणीस दिवस होता माझा मुलगा.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, माझ्या तेलानेच झालं का गं हे?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण मग कोणामुळे, असं त्यांनी विचारलं असतं. भाजीवालीला मी हाकललं तेव्हा त्या माजघरातून ऐकत होत्या. मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

पुढे मला दोन मुली झाल्या. सासूबाईंनी एकीलाही न्हाऊ घातलं नाही. "माझ्या हाताला यश नाही गं," म्हणायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. त्यानंतर अकरा वर्षं जगल्या त्या. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.