बाभळीवरची घरटी

ट्रॉलीमामांना मी पाठमोरे, धुक्यात, अर्धवट झोपेतसुद्धा ओळखत असे. त्यांची चालच तशी होती. पाऊल आखूड पण भरभर, नजर जमिनीवर, आणि प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाइतकंच. आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या डांबराखाली कुणी रूळ पुरून ठेवलेत आणि ते फक्त यांनाच दिसतात, असं वाटावं! मामांची सारी नोकरी रेल्वेच्या रुळांची देखभाल करण्यात गेली. रुळांमधून चालणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. रुळांखालच्या प्रत्येक आडव्या स्लीपरवर पाय ठेवावा तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून ठेवावा तर ढांग टाकावी लागते. मामांनी तरुणपणी आखूड पाऊल पत्करलं आणि निवृत्तीनंतरही सोडलं नाही. त्यांच्या पुतण्याच्या वरातीत बँड पुढे गेला, घोडी पुढे गेली, आणि मामा मागून स्लीपर मोजत मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

त्यांचं नावही मजेशीर. रुळांच्या तपासणीला साहेब लोक ट्रॉलीवरून, म्हणजे रुळांवरच्या ढकलगाडीवरून जात. चार माणसं ढकलणार, साहेब छत्रीखाली बसणार, असा रिवाज. मामा मात्र साहेब असूनही ट्रॉलीवर कधी बसलेच नाहीत. ते शेजारून चालत आणि चार माणसं रिकामी ट्रॉली ढकलत. ज्या वाहनावर माणूस बसला नाही, त्याचंच नाव त्याला चिकटलं. "बसलो का मले दिसत नाही गा," ते म्हणत. माझ्या घरी तर त्यांच्यासाठी खुर्ची काढणंच बंद झालं होतं. ते खोलीत येरझाऱ्या घालत आणि माझी बायको चहाचा कप घेऊन त्यांच्या मागे फिरे.

माझा धंदा निवेदनाचा. लग्नं, सत्कार, उद्घाटनं. मुक्या माणसालाही मी टाळ्या मिळवून देतो असा माझा लौकिक आहे आणि तो मीच पसरवला आहे. एका लग्नाच्या निवेदनासाठी मौद्याला निघालो होतो, मामा सोबत होते. वाटेत फाटक बंद होतं. वीजकेंद्राकडे जाणारी कोळशाची मालगाडी आली. मामा मोटारीतून उतरले, डोक्यावरची टोपी काढली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहिले.

"मामा, कोण वारलं?"

"वारलं कोणी नाही. मालक चालला आपला," मामा म्हणाले. "तू प्रवासाले जातं, तं तुह्या तिकिटात रेल्वेचं काय भागते? काहीच नाही. बाकीचं हा कोळसा भरते. माणसाचं तिकीट कोळसा फाडते, समजलं?"

या एका वाक्यावर आमच्या सकाळच्या फेरीत कितीतरी लढाया झाल्या. सक्करदऱ्याच्या तलावाभोवती आम्ही तिघे फिरत असू. मामा, मी आणि बँकेतून निवृत्त झालेले म्यानेजर. नागपूर-मुंबई अतिवेगवान गाडीची चर्चा सुरू झाली तेव्हापासून म्यानेजर त्या गाडीचे वकील झाले होते. मामा थांबत नसत, त्यामुळे वाद घालायचा तर पळावं लागे. म्यानेजरांचं पोट त्या वर्षी आत गेलं ते पथ्याने नव्हे, मामांशी मतभेद असल्यामुळे.

"जी मामा, परदेशातून कर्ज मिळून राहिलं! व्याज नावापुरतं!" म्यानेजर धापा टाकत म्हणत.

"परतफेडही नावापुरतीच आहे काय?"

"लोकं तिकीट काढतीन ना!"

"कोणते लोकं? तुम्ही तं ऑटोवाल्यासंगं चिल्लरसाठी भांडता. अन् त्या रुळावर कोळसा चालत नाही, म्यानेजर. निस्ते माणसं. मंग माणसाचं तिकीट कोण फाडन?"

"देश पुढं जाऊन राहिला मामा!"

"जाऊ द्या ना. रूळ पाहून जा म्हणा."

वाद थंडावला की मी हळूच फुंकर घाली. "मामा, काल म्यानेजर म्हणत होते, तुम्ही वेगाले भेता." झालं! पुढची फेरी दुप्पट वेगाने. पाप माझं, घाम त्यांचा.

आणि एके दिवशी म्यानेजरांना बातमी लागली. मामांची एकुलती एक मुलगी मीनल सिव्हिल इंजिनिअर झाली होती. लहानपणीच तिची आई गेली, तेव्हापासून सुट्टीत मामा तिला रुळांवर सोबत नेत. तिला एका खासगी कंपनीत नोकरी लागली होती आणि ती कंपनी याच गाडीच्या मार्गाचं सर्वेक्षण करत होती. मामांनी ही गोष्ट आम्हाला आठवडाभर कळू दिली नव्हती.

"मामा, विरोधी पक्ष तं तुमच्याच घरी जेवून राहिला!" म्यानेजर आनंदाने ओरडले. मामांची पावलं तेवढी जास्त आखूड झाली.

मग सीताबर्डीच्या एका सभागृहात नागरिकांसाठी सभा ठरली. कंपनीतर्फे मार्गाची माहिती मीनल सांगणार होती. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसून तिचं काम पाहणार होते आणि मगच ठरवणार होते. निवेदक अर्थातच मी. सभेच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "काका, माझी एकच विनंती आहे जी. बाबांच्या हातात माइक देऊ नका." मी म्हटलं, बरं. संध्याकाळी मामा आले, खोलीत सात-आठ फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "शेवटी मले दोन मिनिटं देजो गा. कोळशाचं सांगतो." मी म्हटलं, बरं. माझ्या धंद्यात नाही म्हणायची पद्धतच नाही.

मीनल सुरेख बोलली. पडद्यावर नकाशे, आकडे, छायाचित्रं. एका ठिकाणी कोरडा नाला दिसला, काठाला बाभळींची रांग. इथे लांब पूल बांधण्याऐवजी मातीचा भराव टाकला तर खर्च बराच वाचेल, ती म्हणाली. म्यानेजरांनी टाळी वाजवली. या बाभळींवर पक्ष्यांची घरटी आढळली आहेत, म्हणून एकही झाड न तोडता मार्ग थोडा सरकवला आहे, ती म्हणाली. आता टाळ्यांना मीच सुरुवात केली. साहेब मान डोलवत होते. पोरीची नोकरी पक्की झालेली मला माइकजवळून स्पष्ट दिसत होती.

मामा अर्थातच मागे उभे होते. टाळ्या संपायच्या आत ते मधल्या वाटेने पुढे यायला लागले. आखूड पाऊल, भरभर. नजर मात्र पहिल्यांदाच खाली नव्हती, पडद्यावर होती. मी घाईघाईने "वेळेअभावी" म्हणालो आणि माइक छातीशी धरला. व्यर्थ! धडधडत्या गाडीच्या आवाजावरून रुळावरच्या गँगमनला हाक मारण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला माइक कशाला?

"म्याडम," मामा स्वतःच्या मुलीला म्हणाले, "त्या घरट्यात पाखरू पाह्यलं काय तुम्ही?"

मीनलचा चेहरा उतरला. "सर्वे उन्हाळ्यात झाला. घरटी रिकामी होती."

"मले सांगा, दहा झाडं आहेत. साऱ्या झाडायवरचे घरटे एकाच उंचीवर काहून? पाखरं काय लेव्हल लावून घर बांधून राहिले?"

सभागृह खदखदून हसलं. मीही हसलो, आणि दुर्दैवाने माइकमधून हसलो. मीनल हसली नाही. ती वळून पडद्याकडे पाहत राहिली आणि मग तिने हळूच डोळे मिटले. तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"ते घरटे नाहीत," मामा म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "पुराचा कचरा आहे तो. पाणी तेवढं चढलं अन् उतरताना काडी-कुटार फांद्यायत अडकवून गेलं. तिथं मातीचा भराव टाकला तं पाणी अडन. अन् वरल्या अंगाले गाव आहे."

"म्हणजे गाडी रद्द!" म्यानेजर उठून ओरडले. "घ्या, मामा जिंकले!"

सगळे मामांकडे वळले. हाच तो क्षण होता, ज्यासाठी त्यांनी तलावाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या होत्या. एक शब्द बोलले असते तर सभागृह त्यांचं होतं.

"रद्द काहून?" मामा म्हणाले. "पूल बांधा. चांगला लांब बांधा."

"अन् पैसे?" हा प्रश्न चक्क म्यानेजरांनी विचारला.

"लागन तेवढे लागन. गाडी करा नाही तं नका करू, ते तुमचं तुम्ही पाहा. पण करसान तं पाण्याले वाट ठेवा."

कोळशाचं ते बोललेच नाहीत. साहेबांनी कागद गोळा केले. मीनल आमच्याकडे न पाहता निघून गेली.

मामांनी ऑटोला हात केला नाही. सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत ते चालत आले आणि मी त्यांच्या शेजारून चाललो.

"लहानपणी तिले असा कचरा मीच दाखवला होता," मध्येच ते म्हणाले. "खांद्यावर बसवून. फांदीतल्या काड्या तिनं हातानं काढल्या होत्या."

"मग चुकली कशी?"

"फोटो दुरून, तिरपा घेतला ना, उडत्या कॅमेऱ्यानं. दुरून सारं घरट्यावानीच दिसते." पुढच्या चौकापर्यंत ते स्लीपर मोजत चालले. "घरी, एकटीले सांगाले पाह्यजे होतं काय गा मी?"

मी एका ऑटोला हात केला. ऑटो थांबला, मामा थांबले नाहीत.

"पण घरी सांगतलं असतं तं तिनं ऐकलं असतं. तिच्या साहेबानं ऐकलं नसतं," ते स्वतःशीच म्हणाले, आणि चार पावलांवर पुन्हा तोच प्रश्न विचारला.

मीनलची नोकरी कायम झाली नाही, गेलीही नाही. साहेबांनी तिची मुदत वाढवली. घरात बापलेकींचं बोलणं बंद झालं. मामा तलावावर यायचे थांबले आणि म्यानेजरांचं पोट पुन्हा बाहेर आलं. मग एका रविवारी सकाळी मीनलने माझी घंटी वाजवली. पायात जाड बूट, हातात उंची मोजायची लांब पट्टी. "काका, गाडी काढता काय? बाबांना नाल्यावर न्यायचं आहे."

म्यानेजरही न बोलावता गाडीत येऊन बसले. नाल्यावर मामांनी पट्टी बाभळीला टेकवून धरली. "वाच वं मीनू." ती वाचायची, लिहायची, पुढच्या झाडाकडे जायची. सगळ्या झाडांवरचा कचरा एका पातळीत निघाला. गावातल्या एका आजीने आपणहून सांगितलं, "मागं मोठा पूर आला होता तवा मी बकऱ्या त्या टेकडावर नेल्या होत्या." मीनलने तेही लिहून घेतलं. परतताना फाटकावर कोळशाची मालगाडी आडवी आली. मामांनी उतरून टोपी काढली. मीनल त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्यानेजरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून आपलीही टोपी काढली.

नकाशात आता त्या नाल्यावर लांब पूल आहे. पुलामुळे खर्च वाढला, खर्चामुळे चर्चा वाढली, आणि गाडीचं अजून ठरत नाही. मीनल मात्र कायम झाली.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. चालताना नव्हे, झोपेत, आडवे. त्यांना हे मुळीच आवडलं नसतं. तलावावर आता म्यानेजरांशी वाद घालायला कुणी नाही, म्हणून ते दोन्ही बाजू एकटेच लढवतात. अर्ध्या फेरीपर्यंत परदेशी कर्जाचं कौतुक करतात आणि मग एकदम घोगऱ्या आवाजात विचारतात, "मंग माणसाचं तिकीट कोण फाडन?"

परवा सीताबर्डीत गर्दीतून जात होतो. मेट्रोच्या खांबांखाली, दुकानांच्या गलक्यात, पुढे एक पाठ दिसली. आखूड पाऊल, भरभर, नजर खाली. बाजूच्या कपड्यांच्या ढिगांकडे ढुंकूनही न पाहता, काखेत नकाशांची गुंडाळी घेऊन मीनल चालली होती.

"अगं मीनल, थांब!"

तिने फक्त मान वळवली. "चालता चालता बोला ना काका!"

मी तिला गाठलं आणि शेजारून चालू लागलो. तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकलं तर माझं आखूड पडत होतं. ढांग टाकली तर मी पुढे जात होतो.