अक्काच्या पदराला लागलेलं काळं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे तर मुद्दामच नाही — त्याच्या लक्षात नसेल तर आपण कशाला आठवण करून द्यायची? तुम्ही माझ्या घरातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

त्या वेळची मी तुम्ही पाहायला हवी होती. अमळनेरला शाळेत नवी नोकरी, खांद्याला पर्स, आणि मनगटावर घड्याळ — कोणी विचारो न विचारो, किती वाजले ते मी सांगायचेच. डी.एड.ला बालमानसशास्त्रात वर्गात पहिली! मूल आईला कधी ओळखतं, परकं माणूस बघून का रडतं, सगळं तोंडपाठ. आणि एवढ्या शहाण्या बाईकडे बघून रडायचं कोण? तिचीच दहा महिन्यांची रेखा.

रेखाला सांभाळायची जनाअक्का. शेजारच्या खोलीत एकटी राहायची, विधवा, मूलबाळ नाही. गल्लीतली आणखी दोन-तीन पोरं तिच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. मी संध्याकाळी शाळेतून आले की हात पुढे करायचे — रेखा मान फिरवून अक्काच्या मानेत तोंड खुपसायची. अक्काच्या लुगड्याच्या पदराचं टोक तोंडात धरून चोखत बसायची. अक्का बिचारी ओशाळायची. "जाय ना माय, तुन्ही माय शे ना ती," म्हणत तिला माझ्याकडे ढकलायची. ढकलायची — आणि पोर अजून घट्ट चिकटायची.

मी हसायचे. आतून काय व्हायचं ते काय सांगू?

त्याच सुमारास मी रेखाचं दूध तोडायचं ठरवलं. अक्कानेच काळाबोळ आणून दिला. आपल्याकडे लावतात ना, तो काळा कडू खडा पाण्यात उगाळून. "छातीले लाव," म्हणाली, "पोर तोंड बी लावाव नही." खरंच. दोन दिवसांत रेखाने मला सोडलं. दोन दिवसांत!

आणि मग माझ्या पहिल्या नंबरच्या डोक्यात आलं — जे मला लागू पडलं, ते अक्कालाही पडेल.

रविवार होता. अक्काचं जांभळं लुगडं अंगणातल्या दोरीवर वाळत होतं. उरलेला बोळ मी पदराच्या टोकाला चोळला. हात धुतले, आणि साबण दोनदा लावला. हे का आठवतं मला?

दुपारी अक्का तेच लुगडं नेसून आली. रेखाने सवयीने टोक तोंडात घातलं. तोंड वाकडं केलं, किंचाळली, भडाभडा ओकली. मी हात पसरून उभीच होते. आता येईल — आता माझ्याकडे येईल.

ती अक्काच्या गळ्यात पडली. जिच्या पदराने तोंड कडू केलं, तिच्याच खांद्यावर हुंदके देत राहिली. माझ्या पुस्तकात हे होतं हो. पेपरात लिहून मार्क घेतले होते मी त्याचे. मूल दुधासाठी धावत नाही, घाबरल्यावर जिथे निवतं तिथे धावतं.

त्याच वेळी एरंडोलहून आलेल्या सासूबाई बाहेर आल्या. पोरीच्या हनुवटीवरून काळी लाळ ओघळत होती. त्यांनी बोटाने पुसली, जिभेला लावली, थुंकल्या.

"अफू चारस का वं तू पोरले? तरीच दिवसभर गप पडेल ऱ्हास तुनाकडे!"

अक्काने पदर उचलला. वास घेतला. तिला कळायला किती वेळ लागणार? तो खडा तिनेच आणून दिला होता. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं असेल? घड्याळात पाहिलं.

अक्का एक शब्द बोलली असती तर सासूबाईंनी मला माहेरी पोचवलं असतं. तिने रेखाची मूठ पदरावरून एकेक बोट करून सोडवली, तिला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "मन्हंच चुकनं, माय."

चार दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली पोरं काढून घेतली. महिन्याने अक्का भाच्याकडे कुठेशी निघून गेली. जाताना आमच्या दारावरून गेली, थांबली नाही. पुढे ती कुठे राहिली, कधी वारली, मी विचारलं नाही. विचारता आलं असतं.

आणि रेखा? पंधरा दिवस त्या बंद खोलीपाशी जाऊन उभी राहायची, दाराला धरून. दार थापटायची. मग एके दिवशी थापटणं थांबलं. मी शाळेत कौतुकाने सांगितलं — रुळली हो! रुळली कसली. शहाण्यासारखी वागायला लागली, एवढंच. अकरा-बारा महिन्यांचं पोर शहाण्यासारखं वागतं तेव्हा काय झालेलं असतं, तेही पुस्तकात होतं. मी कडेवर घेतलं की यायची, ठेवलं की उतरायची. रडून माझ्याकडे धावली, असं एकदाही आठवत नाही मला. एकदाही नाही.

आता ती पन्नाशीची आहे. धुळ्याला असते, मी तिच्याकडेच. माझं सगळं वेळेवर करते. दुपारी आडवी झाली की झोपेत तिच्या मुठीत पदराचं टोक असतं. मी समोरच्या खुर्चीत बसून बघते.

तिची सून बँकेत जाते आणि नातू रेखालाच चिकटलेला. एकदा संध्याकाळी सूनबाईने हात पुढे केले, त्याने मान फिरवली. सूनबाई मात्र हसली. "दोन आया आहेत राजाला," म्हणाली, आणि पर्स टाकून दोघांच्या शेजारी फतकल मारून बसली. एवढंच करायचं होतं. शेजारी बसायचं होतं.

परवा सूनबाईने सांभाळायला बाई ठेवायचा विषय काढला. रेखा म्हणाली, "नीट चौकशी कर हं. मला लहानपणी एकीने अफू चारलेली. आईने वेळेवर पाहिलं म्हणून वाचले. हो ना गं आई?"

मी हो म्हटलं.