रहमतुल्लाभाईंचे अकरा पब

रहमतुल्ला नाखवा या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नाही. तरी पबांविषयी त्याच्याइतकं बोलणारा माणूस अख्ख्या सौदी अरेबियात दुसरा सापडला नसता. बरं, घरात दार लावून बोलावं तर तेही नाही. भर रस्त्यात, मोठ्यांदा. "वहिनी, आज कुठला पब घ्यायचा? चार नंबर की सात नंबर?" माझा नवरा शशिकांत लगेच मागेपुढे बघायचा. "अहो भाई, हळू! हे रियाध आहे. तुमच्या पबापायी आम्हाला विमानात बसवतील." त्यावर भाई आणखी मोठ्यांदा हसायचे.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका इंग्रजामुळे. भाई मूळचे हर्णैचे. रियाधच्या अल मलाझ भागात पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकणारी एक कंपनी होती, तिथे सत्तावीस वर्षं स्टोअरकीपर. फार पूर्वी तिथे हॅरिस नावाचा इंजिनिअर होता. तो नोकरी सोडून गेला तेव्हा ड्रॉवरमध्ये एक खिशात मावेल एवढं पुस्तक विसरून गेला. त्याच्या गावाकडच्या पायवाटांचं. प्रत्येक वाटेच्या शेवटी एक जुना पब. दोन मैल शेतातून चाला, लाकडी फाटक उघडा, मागे लावून घ्या, ओढा ओलांडा, चर्चला वळसा घाला, मग टेकडीखाली पब. भाईंनी ते पुस्तक जेवणाच्या सुट्टीत इतक्या वेळा वाचलं की त्यातले चाळीस पब त्यांना तोंडपाठ झाले. बिअरशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना आवडली ती त्या वाटांची शिस्त. आधी चालायचं, मग बसायचं. चालल्याशिवाय बसायचं नाही.

आता ही शिस्त आणायची कुठे, तर रियाधमध्ये! जिथे लोक समोरच्या दुकानातून दही आणायलाही गाडी काढतात. पण भाईंनी हट्टाने मलाझमध्ये अकरा वाटा शोधल्या. फाटकाऐवजी सिग्नल, ओढ्याऐवजी फुटलेल्या पाइपातून वाहणारं पाणी, चर्चऐवजी प्राणिसंग्रहालयाची लांबच लांब भिंत. आणि पबाऐवजी बुफिया, म्हणजे इथली चहा-सँडविचची टीचभर दुकानं. एक येमेनी म्हाताऱ्याचं, तिथे वेलची घातलेला दुधाचा चहा. एक अफगाणी भट्टीवाल्याचं, तिथे पाटाएवढी रोटी. बाकी बहुतेक मल्याळी. नियम कडक होते. गाडी आणायची नाही. तासभर चालल्याखेरीज चहा नाही. पब निदान दहा वर्षं त्याच जागी असला पाहिजे, चकचकीत साखळीवाली कॉफीशॉपं बाद.

वेळेचं गणित तर विचारूच नका. दुपारची अस्रची नमाज आटोपली की निघायचं आणि सूर्यास्ताच्या मगरिबच्या आत पब गाठायचा. कारण बांग झाली की सगळी शटरं खाली. एकदा शशिकांतने बुटाच्या नाडीपायी पाच मिनिटं घालवली आणि आम्ही पोचलो तेव्हा येमेनी आमच्या तोंडावर शटर ओढत होता. भाई शांतपणे मशिदीत गेले. आम्ही नवराबायको फुटपाथवर, एकमेकांचं तोंड बघत. त्या वेळात मी शशिकांतला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी तऱ्हा आणखी वेगळी. मी, दमयंती, इथल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये नर्स. दिवसभर उभी. शुक्रवारी पाय वर करून पडायचं सोडून मी या दोघांच्या मागे काळा अबाया सावरत फिरायची, आणि बुफियात बायकांना बसायला जागाच नसायची. पुरुष आत स्टुलावर, मी बाहेर, खिडकीतून हात लांबवून कागदी पेला घेणार. अकराच्या अकरा पब मी असे बाहेरून पाहिलेत. का जात होते? भाईंना नाही म्हणणं जमायचं नाही, दुसरं काय! त्यांची बायको सकिना मुलीच्या लग्नापासून हर्णैला परतलेली. खोलीवर वाट बघणारं कुणी नाही. "गावाला जाऊन काय करू, वहिनी?" ते म्हणायचे. "तिथं मी पाहुणा. दोन दिवस लोक विचारतात, तिसऱ्या दिवशी कधी जाणार विचारतात. इथं मला अकरा ठिकाणी न मागता चहा मिळतो."

मग सौदीकरण आलं. म्हणजे होतंच आधीपासून, पण आता कडक झालं. प्रत्येक कंपनीत अमुक इतके सौदी नोकर हवेत. असले तर कंपनी हिरवी, नसले तर लाल. भाईंचे मॅनेजर इमादसाहेब, जॉर्डनचे, बोलायला साखर. त्यांनी भाईंना बोलावलं आणि एक उंच, देखणा पोरगेलासा इसम पुढे केला. "हा फहाद. सहा महिन्यांत याला स्टोअर शिकव. शिकला की, रहमतुल्ला, तू मोकळा. खलास." जसं काही बक्षीसच देतायत!

भाईंनी हे आम्हाला त्या शुक्रवारी चहा घेताना सांगितलं. पेला हातात तसाच, वर साय धरलेली. मला तर रागच आला. "म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची हकालपट्टी शिकवायची? मग शिकवूच नका ना!" मी म्हणाले.

"ते पाप आहे, वहिनी."

इथे शशिकांतचं डोकं चाललं. एरवी चालत नाही, पण नको तिथे चालतं. "शिकवू नका असं कोण म्हणतंय? तुम्ही शिकवा. पण आधी त्याला आपल्याबरोबर फिरायला न्या. गाडीत वाढलेला पोरगा, चार मैलांत मोडेल. शनिवारी येईल तो लंगडत, रविवारी झोपेल. शिकणार कधी? सहा महिन्यांची सहा वर्षं होतील."

मला ही युक्ती भलतीच आवडली. देवाशप्पथ सांगते, मीच भाईंच्या मागे लागले.

फहाद आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब, पायात सपाता, हातात दोन फोन. गाडी कुठे लावायची, असं विचारलं. भाईंनी नियम सांगितला. "चालत? का?" त्याने प्रामाणिकपणे विचारलं, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत माझंही हेच विचारायचं राहून गेलं होतं. पहिल्या दिवशी त्याच्या टाचेला फोड आले. मी क्लिनिकमधली पट्टी लावून दिली आणि मनात म्हटलं, सुटलो, हा परत यायचा नाही.

पुढच्या शुक्रवारी तो बूट घालून हजर.

झालं काय, की त्याचे आजोबा मलाझमधलेच. सरकारी खात्यात होते, तेव्हा सरकारने आपल्या नोकरांसाठी इथे नवी घरं बांधली होती. तिसऱ्या वाटेवर एका पडक्या फाटकासमोर फहाद थबकला. "हे बहुतेक आजोबांचं," म्हणाला. सगळं आयुष्य रियाधमध्ये काढलं, पण या गल्लीतून तो कधी पायी गेला नव्हता. त्या दिवसापासून त्याला वेडच लागलं. स्टोअरमध्ये भाई वॉशरचे आकार शिकवायचे आणि हा विचारायचा, आठ नंबरच्या वाटेवर ती निळी जाळी कुणाची? म्हाताऱ्यांना गाठून गोष्टी काढायचा. येमेनी चहावाला कधी आला, कुठल्या बोटीने आला, सगळं फोनवर टिपून घ्यायचा. सहा महिने संपले तेव्हा त्याला अकरा वाटा पाठ होत्या आणि पंपाचा एकही भाग ओळखता येत नव्हता. शशिकांत तर असा छाती काढून चालायला लागला, जसं सौदीकरण यानेच एकट्याने परतवलं.

पुढे फहादने नोकरीच सोडली. फोनवर दोन ओळींचा निरोप पाठवून. नुकताच पर्यटकांना व्हिसा खुला झाला होता, गाइड लागत होते, आणि गाइड सौदीच हवा असा नियम होता. त्याने परवाना काढला. शहरातल्या जुन्या वस्त्यांमधून पायी सहली नेणार! आम्ही सात नंबरच्या पबात जल्लोष केला. तोवर बायकांना आत बसायची मुभा झाली होती, म्हणून मीही स्टुलावर बसून दोन पेले चहा आणि एक अंड्याचं सँडविच हाणलं. भाई वाचले. आता शिकवायला कुणी उरलंच नाही. जागा भाईंची.

आम्ही तिघांनी मिळून एवढी वर्षं या देशात काढली, आणि आमच्या टाळक्यात एवढं शिरलं नाही, की त्या कंपनीत सौदी माणूस एकच होता.

तो गेला आणि कंपनी लाल झाली. लाल कंपनीला कुणाचाही इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढवता येत नाही. इकामा संपला की माणूस संपला. नऊ माणसांपैकी सगळ्यात आधी इकामा संपत होता तो रहमतुल्ला नाखवाचा. पाच आठवड्यांनी.

इमादसाहेबांनी भाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी चहा मागवला. "फहाद तुझं ऐकतो. त्याला म्हणावं, नाव परत दे. कामावर यायचीही गरज नाही. घरी झोप म्हणावं. मला फक्त त्याचं नाव हवंय." पण एक नाव एकाच ठिकाणी चालतं. कंपनीत नाव लावायचं तर फहादला गाइडचा परवाना सोडावा लागणार होता.

"मग विचारा की!" मी म्हणाले. "तुमच्यामुळेच तर गाइड झाला तो. उपकार आहेत त्याच्यावर."

"विचारतो," भाई म्हणाले. "शुक्रवारी त्याची पहिली सहल आहे. मला खास पाहुणा म्हणून बोलावलंय. तिथंच विचारतो."

शुक्रवारी आम्ही तिघं गेलो. पंधराएक माणसं जमली होती. दोन जर्मन बायका काठ्या घेऊन आलेल्या, जशा काही हिमालयात निघाल्यात. चार सौदी मुली, एक जपानी, एक रियाधचंच कुटुंब, ज्यांनी गाडी पुढच्या चौकात उभी केली होती. फहाद पुढे, गळ्यात परवाना. पहिल्या सिग्नलला मी भाईंना कोपराने ढोसलं. "आता." ते म्हणाले, "जरा थांबा, तो बोलतोय." प्राणिसंग्रहालयाच्या भिंतीशी पुन्हा ढोसलं. "रस्ता ओलांडू द्या." आजोबांच्या फाटकासमोर फहाद इतकं सुंदर बोलला की जर्मन बाईने डोळे पुसले. तिथे विचारणं मलाही जमलं नसतं, हे कबूल करते.

शेवटी येमेन्याच्या बुफियासमोर तो थांबला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "मलाझमध्ये एक जुनी प्रथा आहे. तासभर चालल्याशिवाय चहा घेत नाहीत. पूर्वीपासून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूर्वीपासून? हा माझ्यासमोर उभा असलेला हर्णैचा माणूस म्हणजे तुमचं 'पूर्वी'! मी तोंड उघडलंच होतं, तर भाईंनी माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. तोंड असं फुललेलं, की जणू नातवाचं बारसं आहे.

"ऐकलंत ना वहिनी?" ते हळूच बोलले. "माझं होतं तोवर ते वेड होतं. आता प्रथा झाली."

"ते राहू द्या! विचारा त्याला!"

त्यांनी चहा घेतला, नेहमीसारखा, दोन्ही हातांनी पेला धरून. फहाद दोनदा येऊन पाया पडल्यासारखा वाकून विचारून गेला, "बरोबर सांगितलं ना, अम्मी?" अम्मी म्हणजे अरबीत काका. दोन्ही वेळा भाई म्हणाले, "मुमताज." फारच छान. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी बांगेची वेळ बघितली, सहा मिनिटं होती. भाईंनी घसा खाकरला.

"तो ओढा सांगायचा विसरलास," भाई म्हणाले. "फुटक्या पाइपाचं पाणी. तिथं लोकांना सांगायचं, उडी मारा. मजा येते त्यांना."

परतताना मी रागाने त्यांच्या दहा पावलं पुढे चालले. पाच आठवडे संपले आणि त्यांना विमानतळावर सोडताना धड निरोपही देता आला नाही, कारण रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि शशिकांत मधेच सामानाचं वजन विचारत होता. भाई गेले त्याच्या आठच दिवसांनी इमादसाहेबांना सौदी नाव मिळालं. त्यांच्याच मालकाचा भाचा. तो जेद्दात राहतो आणि स्टोअर कुठल्या रस्त्यावर आहे हेही त्याला ठाऊक नाही. कंपनी हिरवी झाली.

त्यानंतर फहाद माझ्या क्लिनिकमध्ये आला. नवे बूट, टाचेला मोठा फोड. मी तो साफ करत होते तर म्हणाला, "रहमतुल्ला अम्मी कधी येणार सुट्टीवरून?"

सुट्टी! भाईंनी त्याला सुट्टी सांगितली होती. मग मी सगळं सांगितलं. लाल कंपनी, इकामा, त्याचं नाव, पाच आठवडे, येमेन्याचा चहा. काहीही गाळलं नाही. का गाळू?

तो खुर्चीतून अर्धा उठला. "मला एका शब्दाने बोलले नाहीत! मी तिथल्या तिथे परवाना फाडला असता. वल्लाह, तिथल्या तिथे!"

"ठाऊक होतं त्यांना," मी म्हणाले. "म्हणूनच बोलले नाहीत. बस खाली."

तो बसला. मी पट्टी बांधली, जरा जास्तच आवळून. त्याला दुखलं असणार, पण त्याने पाय मागे घेतला नाही.