मैनेपुढची ताटं

भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमची गाडी लातूर जिल्ह्यातल्या त्या गावात पोहोचली. मी खेचरांच्या युनिटमध्ये फॅरियर, म्हणजे नालबंद. हुद्दा नाईक. ढिगारे उपसायला नालबंद कशाला? पण घर नायगावचं, मराठी येतं, म्हणून पाठवलं. आज लातुरात ज्या कोचिंग क्लासच्या गेटवर मी बसतो, तिथली पोरं विचारतात, "काका, फौजेत असताना तुमचं कोण गेलं?" मी मैनेचं नाव सांगतो. घोडी होती म्हटलं की हसतात. हसू देत.

मैना त्या गावच्या तुकाराममामांच्या टांग्याची. लहान चणीचं तट्टू. मामांची बायको, मुलगा, सून दगडमातीखाली गेले. उरली ही. मदतीच्या ट्रकमधून गहू येत होता, मामांनी मायेनं पाटीभर गहू तिला चारला. घोड्याला एकदम एवढा दाणा म्हणजे विष. खुराच्या आत सूज येते, आतलं हाड सुटायला लागतं. पाचव्या दिवशी ती पुढचे पाय ताणून, भार मागं टाकून उभी होती. खूर तव्यासारखे तापलेले.

"मामा, दाणा बंद. नुसतं सुकं गवत."

"चालंल का वो परत?"

"चालेल."

हा शब्द मी दिला. नाल काढले, खूर कानशीनं घासले. रोज गार चिखलात उभं केलं, खाली वाळू अंथरली, तळव्यांना गोणपाटाची गादी बांधली. अकराव्या दिवशी ती आपणहून वीस पावलं चालली. भूकंपानंतर मामा पहिल्यांदा रडले ते तेव्हा.

तेराव्या दिवशी मला औषधं आणायला लातूरला धाडलं. सगळं गाव एकाच पहाटे गेलेलं, त्यामुळे तेरावंही सगळ्यांचं एकाच दिवशी. मदतीच्या डाळ-गुळाच्या पोळ्या झाल्या. गेलेल्याच्या नावचं पान गाईपुढं ठेवायची तिथली रीत. गावकऱ्यांच्या मदत कॅम्पात गाय नव्हती. जनावर एकच होतं. दाणा बंद हे मी फक्त मामांना सांगितलं होतं, कॅम्पाला सांगायचं सुचलं नाही. ती चूक माझी.

संध्याकाळी परतलो तर तिच्यापुढं ताटांची रांग, सगळी चाटून साफ.

"मामा, अडवलं का नाही?"

"कुणाला अडवू, साहेब? कुणाच्या मायचं पान हाय, कुणाच्या लेकराचं. कुणाचं उचला म्हनू?"

मी चिखलात पाणी ओतून तिला पुन्हा त्यात उभं केलं.

सोळाव्या दिवशी मैना खाली बसली. खुराचं हाड तळव्यातून बाहेर आलं होतं. आमचे कॅप्टन साहेब जनावरांचे डॉक्टर, ते दुसऱ्या कॅम्पात होते. वायरलेसवर बोललो.

"नाईक, उठेल का? ओव्हर."

"नाही सर. ओव्हर."

"मग हाल संपव. परवानगी आहे. आउट."

दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मामांना मागं व्हायला सांगितलं. झाले नाहीत. तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. एक गोळी.

खड्डा आम्ही जवानांनीच खणला. माती लोटून झाल्यावर मामांनी विचारलं, "साहेब, आता हिच्या तेराव्याचं पान कुणापुढं ठिवू?"